नव्याने दाखल झालेल्या मुलांच्या विशेष शैक्षणिक गरजा कशा ओळखाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या शिक्षिका लिहितात की यंदा पहिली ते तिसरीत मिळून १९ मुले नव्याने दाखल झाली. सेतुबंधाच्या, म्हणजे वर्षारंभी मागच्या इयत्तेची उजळणी करून घेण्याच्या उपक्रमाच्या, पूर्वचाचणीत त्यांपैकी ११ जणांना जवळजवळ काहीच लिहिता आले नाही, आणि 'विशेष गरजा असलेल्या' मुलांची यादी जुलैच्या मध्यापर्यंत द्यायची आहे. या ११ जणांत घरी कन्नड बोलणारी पहिलीतील एक मुलगी आहे, खासगी इंग्रजी माध्यमातून तिसरीत आलेला एक मुलगा आहे आणि जंगलातल्या गवळीवाड्यावरचा, आजवर शाळेचे तोंड न पाहिलेला आठ वर्षांचा एक मुलगा आहे. ही सगळी नावे यादीत घालावीत का, आणि घालायची नसतील तर नेमके काय तपासावे, असे त्या विचारतात.

बाई, ही ११ नावे जशीच्या तशी यादीत घालू नका. सेतुबंधाची पूर्वचाचणी मुलाला मागच्या इयत्तेतले काय येते एवढेच सांगते. ते का येत नाही, हे शोधण्याचे काम प्राथमिक तपासणीचे आहे, आणि त्या 'का'ची उत्तरे आपल्या भागात पुष्कळ असतात: कान फुटलेला असतो, चष्मा लागलेला असतो पण तो कुणी दिलेला नसतो, घरची भाषा वेगळी असते, वर्षभरात तीन शाळा झालेल्या असतात, अंगात रक्त कमी असते, आणि काही मुलांच्या बाबतीत खरोखरच अध्ययन अक्षमता किंवा बौद्धिक विकासातला विलंब असतो. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील मराठी व कन्नड शाळांतून मी २२ वर्षे विशेष शिक्षिका म्हणून फिरते आहे. इतक्या वर्षांत दोन प्रकारच्या चुका मी सारख्या पाहिल्या, आणि त्यांतली एक स्वतःही केली. पहिली चूक म्हणजे भाषेच्या अडचणीला अक्षमता समजणे. दुसरी चूक म्हणजे खरी अक्षमता समोर असताना 'घरी दुसरी भाषा आहे, वेळ लागेल' असे म्हणून वाट पाहत बसणे. सीमाभागात दुसरी चूक अधिक होते आणि तिची किंमत मूल मोजते.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. कन्नड घरातली एक मुलगी मराठी शाळेत पहिलीत आली होती. वर्गशिक्षिका म्हणायच्या की ती उत्तर देत नाही, शेजारच्या मुलीच्या वहीत बघून लिहिते, सूचना दिली की आधी इतर मुलांकडे पाहते. मी दोन वर्षे एकच सांगत राहिले की भाषा नवी आहे, धीर धरा. ती तिसरीत असताना एकदा दुपारच्या बिसीऊटाच्या (शाळेतल्या गरम जेवणाच्या) वेळी मी त्या शाळेत होते. मुले ओळीने बसली होती आणि स्वयंपाकीण अक्का सांबाराची बादली घेऊन मागच्या बाजूने येत होत्या. त्या मुलीच्या पाठीमागे उभ्या राहून त्यांनी दोनदा विचारले, 'इन्नू बेकेनु?' (आणखी हवे का?) मुलगी हलली नाही. अक्का वळून समोर आल्या, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तिने लगेच ताट पुढे केले. प्रश्न तिच्या घरच्याच भाषेत होता, त्यामुळे भाषेचे माझे कारण त्या क्षणी संपले. पुढे तपासणीत दोन्ही कानांना मध्यम स्वरूपाचा बहिरेपणा निघाला. श्रवणयंत्र मिळाल्यावर ती शिकू लागली, पण अक्षरओळखीची दोन वर्षे गेली ती गेलीच. तेव्हापासून भाषेविषयी काहीही ठरवण्याआधी मी कान आणि डोळे पाहते, आणि आपणही तसेच करावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कानाची तपासणी शाळेत करता येते, मात्र ती केव्हा आणि कोठे करावी याला महत्त्व आहे. खानापूरच्या पावसात, कौलारू किंवा पत्र्याच्या छपराखाली, जुलै महिन्यात केलेली कोणतीही श्रवणतपासणी विश्वासार्ह नसते, कारण आवाजाने मोठ्या माणसालाही धड ऐकू येत नाही. शिवाय पावसाळ्यात सर्दीमुळे पुष्कळ मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि काही आठवडे ऐकू कमी येते. म्हणून पहिली तपासणी पाऊस थांबलेला असताना, शांत खोलीत करावी आणि शंका आलेल्या प्रत्येक मुलाची ऑक्टोबरमध्ये पुन्हा करावी. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, एक कान त्याला बोटाने दाबून धरायला सांगावा, आणि त्याला चांगले ठाऊक असलेले शब्द कुजबुजत्या आवाजात म्हणावेत. मराठी घरच्या मुलाला 'आंबा, बैल, सात' आणि कन्नड घरच्या मुलीला 'मने, नीरू, हालू' असे शब्द द्यावेत. सहापैकी तीनही शब्द परत म्हणता आले नाहीत तर त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवावे. ज्याच्या कानातून पू येतो त्याची कुजबुज-चाचणी करत बसू नका, त्याला थेट पाठवा. कानात कोमट तेल घालण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती थांबवायला आईला त्याच वेळी सांगावे.

डोळ्यांसाठी अक्षरांचा तक्ता न वापरता सगळीकडे उलटसुलट वळवलेल्या इंग्रजी 'E' चिन्हाचा तक्ता घ्यावा, कारण त्यात मुलाला अक्षर ओळखावे लागत नाही, केवळ बोटांनी दिशा दाखवावी लागते. अंतर मोजून सहा मीटर ठेवावे आणि एकेक डोळा झाकून स्वतंत्रपणे पाहावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेल्या तपासणीत एका डोळ्याने अधू असलेले मूल हमखास सुटते.

आता भाषेकडे येऊ. कर्नाटकात २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानुसार कन्नड हा पहिल्या किंवा दुसऱ्या भाषेचा विषय आहे. त्यामुळे आपल्या मराठी शाळेतले मूल प्राथमिक वर्गांतच देवनागरी आणि कन्नड अशा दोन लिप्या शिकू लागते आणि इंग्रजीची भर वेगळीच असते. दोन्ही लिप्यांत व्यंजन आणि स्वरचिन्ह मिळून एक अक्षर होते, त्यामुळे बाराखडीसह मोजल्यास एकेका लिपीत चारशेच्या वर अक्षररूपे होतात आणि जोडाक्षरे त्याखेरीज असतात. कन्नड वाचनावर सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनात असे दिसले आहे की अक्षरज्ञान पक्के व्हायला मुलांना पहिले एक वर्ष पुरत नाही, ही प्रक्रिया चौथीच्या आसपासपर्यंत चालू राहते. पहिलीच्या मुलीला जूनमध्ये 'कि' आणि 'की' यांतला फरक कळला नाही म्हणून तिची नोंद करायची झाली तर सगळा वर्गच यादीत जाईल. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' यांची गल्लत दुसरीपर्यंत सर्रास होते. कन्नड लिपीत 'प' आणि 'व' यांच्या आकारांत इतका थोडा फरक असतो की मराठी मुले तेथे वर्षभर अडखळतात. ही अडखळ एकाच लिपीत दिसत असेल तर मला तिची काळजी वाटत नाही. दोन्ही लिप्यांत, वर्षभर नीट शिकवल्यानंतरही, तीच अडचण त्याच रीतीने दिसत असेल तर मात्र मी थांबून पाहते.

त्यासाठी वही बाजूला ठेवून तोंडी काम घ्यावे, आणि ते मुलाच्या घरच्या भाषेत घ्यावे. 'कमळ' या शब्दातला 'क' काढला तर काय उरते, 'पाटी'सारखा ऐकू येणारा दुसरा शब्द कोणता, 'बटाटा' म्हणताना किती टाळ्या वाजवायच्या, असे खेळ पाच मिनिटांत होतात. परिचित पाच चित्रे (गाय, छत्री, चूल, फूल, बस) एका पानावर उलटसुलट क्रमाने चार वेळा काढावीत आणि मुलाला ती भराभर ओळीने नावे घेत वाचायला लावावीत. ज्या मुलाला पुढे वाचनाची अडचण येणार असते ते पुष्कळदा येथेच अडते. गोष्ट मात्र ते इतरांपेक्षा सुंदर सांगते, बाजारातला हिशेब तोंडी करते, आणि तरी आपल्याच भाषेतल्या शब्दाचे तुकडे त्याला करता येत नाहीत. घरच्या भाषेतही हे जमत नसेल तर 'शाळेची भाषा नवी आहे' हे कारण पुरेसे ठरत नाही. बोलीबद्दलही सावध राहावे. 'मी जाऊलालो' म्हणणारे मूल व्याकरण चुकत नसते, ते आपल्या आजीची भाषा बोलत असते. भाषेच्या नोंदीत अशा वाक्याला 'अपूर्ण वाक्यरचना' असा शेरा मारलेला मी पाहिला आहे आणि तो पाहून मला वाईट वाटले.

साधने कोणती वापरावीत, तर मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली, वाचनाची अडचण (डिस्लेक्सिया) ओळखण्याची 'डाली' ही साधनसंच-मालिका आपल्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चारही भाषांत आहे. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक अशा त्यांतल्या शिक्षकांनी भरायच्या प्रश्नावल्या वेगळ्या आहेत, आणि पुढचे सविस्तर मूल्यमापन मानसशास्त्रज्ञ करतात. दिव्यांगतेची शक्यता ओळखण्यासाठीची एनसीईआरटीची 'प्रशस्त' ही तपासणीसूची २०२२ पासून उपलब्ध आहे. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकांनी भरायचा असतो आणि दुसरा भाग विशेष शिक्षकांच्या पातळीवर भरला जातो. मात्र ही सूची मुलाला किमान दीड-दोन महिने जवळून पाहिल्यानंतरच भरावी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, नाव नीट पाठ झाले नसताना भरलेल्या सूचीला काहीही अर्थ नसतो, उलट ती कागदोपत्री मुलाच्या मागे लागते.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगतेची दखल घेतो आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता ही त्यांत आहे. त्याच्या १६ व्या कलमात शाळेने ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर अध्यापनाचे योग्य उपाय योजावेत असे स्पष्ट म्हटले आहे. प्रमाणपत्राची गोष्ट निराळी आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकांनी तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी करायची असते आणि अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळते, पुढे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. म्हणजे आपल्या पहिली-दुसरीच्या कोणत्याही मुलाच्या नावापुढे जुलैत 'अध्ययन अक्षम' असे लिहिण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मदत सुरू करायला मात्र प्रमाणपत्राची वाट पाहण्याची काहीही गरज नाही, आणि ती कुणी पाहायला सांगितली तर आपण हे कलम दाखवावे.

यादीत जुलैमध्येच जावीत अशी नावे असतात, त्यांचा वेगळा विचार करावा. ज्याला फिट येतात, जे सहा वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही, जे आधी बोलत होते आणि आता बोलायचे थांबले, ज्याचा एक हात किंवा पाय कडक आहे, ज्याला समोरचे दिसत नाही, अशा मुलांसाठी एक दिवसही थांबू नये. बीआरसीमधील (तालुक्याच्या शैक्षणिक संसाधन केंद्रातील) समावेशित शिक्षणाच्या शिक्षकांना, ज्यांना आपण बीआयईआरटी म्हणतो, त्यांना कळवावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला त्यांच्या भेटीच्या दिवशी हे मूल आवर्जून दाखवावे. हे पथक शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा येते. भेटीच्या दिवशी मूल गैरहजर असले तर पुढचे वर्ष जाते, म्हणून आदल्या दिवशी घरी निरोप पाठवणे हे मी शिक्षकाचे काम मानते.

पुढे मुलाला मूल्यमापनासाठी बेळगावला किंवा धारवाडला पाठवण्याची वेळ आली, तर सोबतच्या पत्रात एक ओळ ठळक लिहावी की मुलाचे माध्यम मराठी आहे आणि चाचणी मराठीतूनच घ्यावी. मी पाठवलेल्या एका मुलाची बुद्ध्यांक चाचणी एका रुग्णालयात संपूर्ण कन्नडमधून झाली. तो मुलगा कन्नड जेमतेम दुकानापुरते बोलत होता. अहवालात बौद्धिक अक्षमता आली. तीच चाचणी दुसऱ्या ठिकाणी मराठीतून झाली तेव्हा बुद्धी सामान्य निघाली आणि अडचण फक्त वाचनाची असल्याचे दिसले. मधल्या आठ महिन्यांत त्याच्या वडिलांनी त्याला शाळेतून काढायचे ठरवले होते. हाच न्याय उलट बाजूनेही लागू आहे. आपल्या कन्नड घरच्या मुलीची चाचणी मराठीतून होऊ नये, हे सांगण्याची जबाबदारी आपलीच आहे.

आपल्या प्रश्नातल्या तिसरीच्या मुलाबद्दल मला थोडी अधिक काळजी आहे. इंग्रजी माध्यमातून मुले तिसरीत मराठी शाळेत येतात त्यामागे कधी फी असते, पण कधी 'मूल चालत नाही, घेऊन जा' असे तेथे सांगितलेले असते, आणि पालक ते लाजेपोटी बोलत नाहीत. आईला निवांत बसवून विचारावे. तो केव्हा चालू लागला, केव्हा बोलू लागला, घरात आणखी कुणाला वाचायला जड जात होते का, जुन्या शाळेच्या वह्या आहेत का? जुन्या वह्या फार बोलक्या असतात. तीन वर्षांच्या इंग्रजी वह्यांत फळ्यावरून उतरवलेले पाठ सुबक आहेत आणि श्रुतलेखन मात्र कोरे किंवा एकाच शब्दाची चार रूपे असलेले आहे, असे दिसले तर त्याची नोंद ठेवावी. त्याला सहा आठवडे रोज वीस मिनिटे मराठी अक्षरांवर, वर्गापासून थोडे बाजूला, नेमके काम द्यावे आणि दर शनिवारी त्याच दहा अक्षरांची आणि दहा शब्दांची नोंद तारखेसह करावी. लिपी नवी असलेले मूल या सहा आठवड्यांत डोळ्यांदेखत पुढे सरकते. ज्याची प्रगती शनिवारी दिसते आणि सोमवारी पुसली जाते, त्याला मी पुढे पाठवते, आणि ही नोंदवही सोबत देते, कारण मानसशास्त्रज्ञांना एखाद्या गुणपत्रिकेपेक्षा ती कितीतरी अधिक सांगते.

आईवडिलांशी बोलताना 'तुमच्या मुलात दोष आहे' किंवा 'हा मंद आहे' असे शब्द आपल्या तोंडून जाऊ नयेत. 'वहिनी, याला ऐकू नीट येते का, हे एकदा पाहून घेऊया' असे म्हटले की आई स्वतःहून चार गोष्टी सांगते. तपासणीआधी पालकांची संमती लेखी घ्यावी. यादी स्टाफरूमच्या भिंतीवर लावू नये आणि ती एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, बैठकीत नावानिशी वाचू नये. गाव लहान असते आणि लागलेले नाव लग्नापर्यंत पुरते.

राहिला गवळीवाड्यावरचा मुलगा. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमामुळे त्याला वयानुसार तिसरीत घेतले हे योग्यच झाले, पण ज्याला कुणी शिकवलेच नाही त्याच्याविषयी 'शिकता येत नाही' असे म्हणता येत नाही. त्याचे कान, डोळे आणि हिमोग्लोबिन आत्ताच पाहून घ्यावे. वाचन-लेखनाच्या बाबतीत त्याचे नाव यंदा यादीत घालू नये, त्याऐवजी त्याच कायद्याने त्याला दिलेला विशेष प्रशिक्षणाचा हक्क मागावा आणि नलीकलीच्या, म्हणजे सरकारी शाळांतल्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या टप्प्यापासून त्याला सुरुवात करून द्यावी. त्याच्या कौशल्यांची नोंद मात्र आजपासून करावी. तो जनावरे मोजतो का, वाटेच्या खुणा सांगतो का, ऐकलेली गोष्ट क्रमाने परत सांगतो का, चिखलात किंवा पाटीवर आकार काढतो का, हे सर्व तोंडी पाहता येते आणि त्यातून त्याची समज कळते. पावसात नाले भरले की तो दिवसेंदिवस येऊ शकणार नाही, म्हणून हजेरीचे दिवस मोजून ठेवावेत. मार्चमध्ये त्याची प्रगती पाहताना ती शाळेत प्रत्यक्ष बसलेल्या दिवसांशी ताडून पाहावी, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये, किमान शंभर-सव्वाशे दिवस शिकवून झाल्यावरही अक्षरे टिकत नसतील, तर तेव्हा 'डाली'ची मराठी प्रश्नावली भरून त्याला बीआरसीकडे पाठवावे.

जुलैच्या यादीसोबत मुख्याध्यापकांकडे एक स्वतंत्र कागद द्यावा. त्यावर या ११ मुलांपैकी कोणाची कोणती तपासणी कोणत्या महिन्यात व्हायची आहे हे तारखेनिशी लिहावे, आणि ऑक्टोबरच्या सुटीनंतर उसाच्या हंगामात तोडणी कामगारांची मुले अधेमधे दाखल होतील त्यांच्यासाठी चार रकाने रिकामे सोडावेत. ही मुले जुन्या शाळेचा दाखला नसतानाही दाखल करून घ्यायची असतात, आणि ती जाताना त्यांच्या आईच्या हातात कान, डोळे आणि शिकवलेल्या अक्षरांची नोंद असलेला एक कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून द्यावा, म्हणजे पुढच्या गावचे गुरुजी तेथून पुढे सुरुवात करू शकतील.